चार हात डावीकडे

बाबाराव उमाट्यांना अख्खं जग वाकडं दिसायचं, आणि यात चूक जगाचीच आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी जमिनीच्या मोजणीत काढली. लोकांच्या वावरात साखळी ओढायची, हद्दीचे दगड हुडकायचे, एकाचं वावर कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठून लागतं ते नकाशावर उतरवायचं. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात आणि धुऱ्यापल्याडच्या शेजाऱ्याला धुरेकरी. सख्ख्या भावाशी अबोला धरलेला माणूस दिवाळीला तरी बोलतो; धुरेकऱ्याशी बोलणं टाकलं की ते नातवापर्यंत पुरतं. अशा माणसांच्या मधोमध उभं राहून बाबारावांनी उभी नोकरी केली आणि रिटायर होताना दोन गोष्टी सोबत आणल्या. एक, माणसाची जात मुळातच खोटारडी, हे मत. दुसरी, आपली एकही मोजणी कधी फिरली नाही, हा ताठा.

वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यात त्यांनी घर बांधलं, तेही गुण्या लावून, चारी कोपरे काटकोनात. शेजारच्या मास्तरांच्या कंपाउंडची भिंत सहा इंच रस्त्यात आली होती, म्हणून मास्तरांशी बोलणं नव्हतं. समोरच्या बँकवाल्यानं गोल बाल्कनी काढली होती. तिच्याकडे बाबाराव मोरीकडे बघावं तसं बघत. सकाळी फिरायला जाणाऱ्या रिटायर मंडळींबरोबर ते एकदाच गेले. तिथं सगळे गोल उभे राहून, टाळ्या पिटून, हा हा करून हसायला लागले. हसायलासुद्धा यांना टाइमटेबल लागतं, असं म्हणून ते परतले ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. त्यांची बायको अन्नपूर्णा म्हणायची, "साऱ्या दुनियेले पट्टी लावता, एखांद दिवस आपल्या जिभेलेबी लावून पाहा." बाबारावांना ते कधी ऐकू आलं नाही.

आता असा माणूस चित्रं काढायला लागला कसा, तर त्याचंही मूळ मोजणीतच. पूर्वी नकाशांत रंग हातानं भरत. नाल्याला निळा, रस्त्याला तांबडा, झाडाला हिरवा. बाबारावांचा हात असा स्थिर की रेघेबाहेर रंगाचा थेंब जायचा नाही. रिटायर झाल्यावर दिवस खायला उठला तेव्हा त्यांनी जलरंगाची पेटी आणली आणि पहिलं चित्र काढलं ते सेवाग्रामच्या आश्रमातल्या एका झोपडीचं. त्यासाठी तीन दिवस नुसते छपरासमोर उभे राहून कवेलू, म्हणजे कौलं, मोजले आणि मग मोजून तितकेच काढले. इतके कवेलू कोणी मोजणार आहे का, असं अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. "आन् मोजले तर?" बाबाराव म्हणाले.

कागद टेकवायला त्यांनी चित्रकारांचं घोडं-बिडं विकत घेतलं नाही. मोजणीत पूर्वी एक लाकडी टेबल असायचं: तीन पाय, वर फळी, आणि त्या फळीवर ठेवून एक डोळा मिटून बघायची पितळी पट्टी. नवी यंत्रं आली आणि ते मोडीत निघालं. बाबारावांनी जसंच्या तसं एक सुताराकडून करून घेतलं होतं. त्यावर कागद ताणायचा, पाणसळ ठेवून फळी समतल करायची, पट्टीतून झाड बघायचं, रेघ मारायची. मग कुठं रंग. चित्र असं काढतात, बाकी सगळा पोरखेळ, हे त्यांचं ठाम मत झालं.

मागल्या जानेवारीत वर्ध्याच्या एका कला मंडळानं निसर्गचित्रण महोत्सव भरवला. वडनेरच्या पुढच्या एका शिवारात दोन दिवस. नागपूर, अमरावती, थेट पुण्यापासून चित्रकार येणार, उघड्यावर बसून समोर दिसेल ते रंगवणार, दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत प्रदर्शन आणि बक्षिसं. बाबारावांनी लगेच फॉर्म भरला. कलेच्या ओढीनं नव्हे. या लोकांना एकदा दाखवलंच पाहिजे, म्हणून.

सकाळी बस शिवाराच्या तोंडाशी थांबली आणि बाबारावांचा तिरस्कार पोटभर जेवला. काय एकेक नमुने उतरले. कोणाच्या जाकिटाला सतरा खिसे आणि एकातही पेन्सिल नाही. कोणी गोल टोपी तिरकी घालून आलेला, कपाशीच्या पऱ्हाटीला तूर म्हणत होता. तर्री पोह्यांच्या तीन-तीन प्लेटी हाणल्यावर मंडळी पांगली. एक बाई गव्हाच्या हिरव्यागार वावरासमोर बसून जांभळा रंग कालवत होत्या; विचारलं तर म्हणाल्या, मला तो आतून जांभळा दिसतो. एक जण सुरीनं रंग थापत होता, घरात गिलावा करतात तसा. दुसऱ्यानं नाल्याचा फोटो काढला आणि नाल्याकडे पाठ करून फोनमध्ये बघत नाला काढायला घेतला. जवळजवळ प्रत्येकाच्या चित्रात डोक्यावर घागर घेतलेली बाई होती. गावात घरोघरी नळ येऊन काही वर्षं झाली होती. पण या लोकांच्या चित्रातल्या बायकांची पाणी भरण्यातून सुटका नव्हती. खोटारडे लेकाचे, बाबाराव मनात म्हणाले. माझ्या हाताखाली असते तर एकेकाची वेतनवाढ रोखली असती.

जागा चिठ्ठ्यांवर होत्या. बाबारावांना चौदा नंबर आला. टेबल खांद्यावर टाकून ते पांदणीच्या वाटेनं निघाले, नाला ओलांडला, आणि समोर एक मोठा निंब पाहून त्यांचे पाय आपोआप मंदावले.

तो निंब त्यांच्या ओळखीचा होता. अठरा वर्षांपूर्वी या धुऱ्याची मोजणी त्यांनीच केली होती. डावीकडचं वावर देवकाबाई पोहाण्यांचं, उजवीकडचं मोतीलालचं. देवकाबाई तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या. निंब त्यांच्या सासऱ्यानं लावलेला, आणि हद्दीचा खुंट, म्हणजे हद्दीवर गाडायचा दगड, निंबाच्या बुंध्याला लागून पलीकडे, असं त्यांचं म्हणणं. बाबारावांनी मोजणी नाल्याकाठच्या दगडापासून सुरू केली. देवकाबाई म्हणाल्या होत्या की तो दगड हद्दीचा नाही, एका पुरात वाहून तिथं येऊन पडलेला आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यावर बाबारावांनी त्यांना पंचांसमोर झापलं. अंगठा उठवणारी बाई आणि मोजणी मला शिकवते. "दगड बोलत नाही, बाई, नकाशा बोलते," ते म्हणाले, आणि खुंट गाडला तो निंबापासून चार हात डावीकडे, देवकाबाईंच्या वावरात. निंब सासऱ्यानं लावलेला, सावली सुनेच्या हक्काची, पण झाड झालं मोतीलालचं.

आणि खरी गोष्ट अशी, की त्याच संध्याकाळी कचेरीत नकाशा मांडताना आकडे जुळेनात. नेमके चार हात कमी पडत होते. बाई खरं बोलली होती, हे बाबारावांना दिवा लागायच्या आत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन खुंट उपटून नीट गाडायला फार तर अर्धा दिवस लागला असता. पण मग त्या बाईसमोर, त्याच पंचांसमोर, चुकलो म्हणावं लागलं असतं. बाबारावांनी खोडरबर घेतलं, नकाशातली रेघ जुळवून घेतली आणि खाली सही केली. पुढं देवकाबाईंनी अर्ज केले, तीनदा केले. दर वेळी उत्तर एकच आलं: मोजणी उमाटे यांची आहे, ती चुकीची असण्याचं कारण नाही.

जागा बदलून मागता आली असती. पण चौदा नंबर नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि झाडाला काही तोंड नसतं. अठरा वर्षांत आपले केस गेले, पोट आलं, कोण ओळखतं? बाबारावांनी टेबल मांडलं, पाणसळ लावली आणि एक डोळा मिटून पट्टीतून बघायला सुरुवात केली.

काम मात्र झकास चाललं. अकरा वाजेपर्यंत निंब कागदावर उभा राहिला, फांदी न फांदी आपल्या जागी. डावीकडे देवकाबाईंचा हरभरा, उजवीकडे मोतीलालची पऱ्हाटी. फक्त खुंटाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. तो हद्दीचा दगड निंबापासून चार हात डावीकडे, हरभऱ्यात, उघडा पडल्यासारखा उभा होता. पट्टी दर वेळी त्याच्यापाशी आली की बाबाराव ती पुढं सरकवत.

तेवढ्यात विवेक सर फेरीवर आले. हे मंडळाचे प्रमुख, कुठल्याशा कला महाविद्यालयात शिकवायचे, दाढी राखलेली आणि आवाज मऊ. त्यांनी दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून आधी चित्र, मग समोरचं शिवार पाहिलं आणि म्हणाले की काका, निरीक्षण दांडगं आहे, पण चित्र सुटं सुटं वाटतं. समोरचा तो दगड काढलात तर एकटा पडेल. झाड चार हात डावीकडे घ्या, दगडाला टेकवा, म्हणजे कॉम्पोझिशन जमेल.

बाबाराव याच क्षणाची सकाळपासून वाट बघत होते. "सर, झाड म्हणजे का खुर्ची हाय, उचलली आन् ठेवली?" ते म्हणाले. "तुमच्यासारख्याईले जमते. मी चौतीस वर्सं मोजणी केली. जिथं जे हाय तिथंच ते दाखवलं. कोणाच्या सांगण्यावरून एक इंच सरकवलं नाई, आन् एकबी मोजणी माही फिरली नाई."

विवेक सर हसून, हात जोडून पुढं गेले. बाबाराव विजयी मुद्रेनं वळले, तर मागं धुऱ्यावर एक म्हातारी उभी होती. हातात विळा, पायाशी गवताचा भारा. किती वेळ उभी होती कोण जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते सगळं तिनं ऐकलं होतं.

देवकाबाईंनी त्यांना केसांवरून ओळखलं नव्हतं, तीन पायांच्या टेबलावरून आणि मिटलेल्या डोळ्यावरून ओळखलं होतं. त्या भांडल्या नाहीत. भाऱ्यावर बसल्या आणि हवापाणी सांगावं तशा सांगत गेल्या. मोतीलालला निंब तोडून तिथं गोठा बांधायचा आहे. गेली अठरा वर्षं दुपारची भाकर त्या ह्याच झाडाखाली खातात, पण मोतीलालला विचारून. तो नाही म्हणत नाही, माणूस वाईट नाही. पण विचारावं लागतं. आता एकदाची वरच्या साहेबाची फेरमोजणी मंजूर झाली आहे, मार्चात. पण तो साहेबही म्हणतो की जुना नकाशा पक्का आहे. ज्यानं मोजलं त्यानंच चूक लिहून दिली तर गोष्ट वेगळी. त्यांनी बाबारावांचा पत्ता हुडकायलाही माणूस धाडला होता, पण वर्ध्यात उमाटे काय एक आहेत? एवढं सांगून त्या उठल्या, भारा डोक्यावर घेतला, आणि कागदाकडे बघून म्हणाल्या, "मंग साहेब, आता खुंट कुठी मांडता?"

उत्तराला त्या थांबल्या नाहीत.

बाबारावांनी पट्टी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. डोळ्यासमोर दगड होता तिथं काढावा तर ती चूक आपल्या हातानं दुसऱ्यांदा गाडल्यासारखं होतं. आणि नाही काढावा तर आयुष्यात पहिल्यांदा समोर नाही ते दाखवावं लागणार; मग आपल्यात आणि त्या जांभळ्या गव्हाच्या बाईत फरक तो काय. घामानं कपाळ भिजलं, जानेवारीत. शेवटी त्यांनी पट्टी पिशवीत टाकली, ब्रश घेतला, आणि खुंट काढला तो निंबाच्या बुंध्याला लागून, पलीकडच्या अंगाला. जिथं तो असायला हवा होता तिथं.

आणि बघा माणसाची गंमत. ब्रश धुता धुता बाबारावांना हलकं वाटायला लागलं. आपण केवढा मोठेपणा दाखवला, असं वाटायला लागलं. अठरा वर्षांचा हिशेब एका ठिपक्यात चुकता, ना पंच, ना सही, ना कोणासमोर मान खाली. जेवणात वांग्याची भाजी होती. ती त्यांनी दोनदा मागून घेतली. बाईला चित्र दाखवू, तिलाही बरं वाटेल, असाही एक उदार विचार त्यांच्या मनात येऊन गेला. घरी गेल्यावर अन्नपूर्णाबाईंना त्यांनी सांगितलं की चित्र उत्तम झालं, बाकीच्यांचं न बोललेलंच बरं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून चित्रं लावली होती. सारं गाव लोटलं होतं आणि प्रत्येक जण आपलं वावर शोधत होता. जांभळ्या गव्हाचा मालक हे काही माझं नाही, माझ्या वावरात असला रोग पडत नाही, असं सांगत सुटला होता. मोतीलाल पांढरं धोतर नेसून पुढच्या खुर्चीवर बसले होते. देवकाबाई सुनेबरोबर, मोहिनीबरोबर, खांबाला टेकून उभ्या होत्या.

पहिला नंबर त्या सुरीनं गिलावा करणाऱ्याला मिळाला. दुसरा, तिसरा कोणालातरी. मग विवेक सरांनी माइकवरून बाबारावांचं नाव घेतलं, उत्तेजनार्थ म्हणून. उत्तेजनार्थ! त्रेसष्ट वर्षांच्या घोड्याला उत्तेजन! बाबाराव उठले ते परत करायच्या तयारीनंच, पण विवेक सर बोलायला लागले होते. म्हणाले की काल काकांनी माझ्याशी वाद घातला, झाड हलवणार नाही म्हणाले, आणि त्यांनी ते हलवलं नाही. पण मी गेल्यावर त्यांच्यातला कलावंत जागा झाला. बघा, प्रत्यक्षात हा दगड झाडापासून चार हात दूर आहे. काकांनी तो उचलून बुंध्याशी आणला आणि चित्र कसं बसलं! वास्तव आणि कला यांच्यात एवढंच अंतर असतं, चार हातांचं.

चित्रकारांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या एकानंही वाजवली नाही. गाव त्या दगडाकडे बघत होतं.

मोतीलाल खुर्चीतून उठून चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले. खुंट तिथं नाही, ते म्हणाले, खुद्द याच साहेबांनी चार हात इकडं गाडलेला आहे, कागद माझ्या पेटीत आहे. मग खोटं कोणतं, तो कागद की हे चित्र? प्रश्न सरळ होता. विवेक सरांनी मध्ये पडून सांगितलं की कलेत असं स्वातंत्र्य घेतात. मोतीलाल म्हणाले की घ्या बापा, पण माझ्या धुऱ्यावर नका घेऊ.

सगळे बाबारावांकडे बघायला लागले. बाबारावांना मोतीलालचा राग आला, विवेक सरांचा आला, त्या टाळ्यांचा आला. त्यांनी देवकाबाईंकडे पाहिलं. एवढी एक बाई तरी आपल्या बाजूनं बोलेल, अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती. त्या पुढं आल्या तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणालेसुद्धा की बघा, बाई, मी तुमचा खुंट नीट जागेवर आणला.

देवकाबाईंनी चित्र पाहिलं. निंब पाहिला, हरभरा पाहिला, दगड पाहिला.

"धुरा चित्रात माहा झाला," त्या म्हणाल्या. "मंग आता मी चित्रात पेरू का, साहेब?"

गावातला कोणीतरी फिसकन हसला आणि त्याला पाहून दुसरा. बाबारावांना आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेनं बघायची सवय होती, ती नजर त्यांनी पहिल्यांदा समोरून पाहिली. म्हातारीच्या डोळ्यांत राग असता तर त्यांनी राग परतवला असता. तेवढी जीभ होती. पण तिथं राग नव्हता. मास्तरांच्या भिंतीकडे, गोल बाल्कनीकडे, हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ते बघत, तसं ती त्यांच्याकडे बघत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं माप बरोबर होतं.

त्यांनी दोरीवरून चित्र काढलं. विवेक सर म्हणाले की काका, बक्षीसपात्र चित्रं मंडळाकडे राहतात, नियम आहे. बाबाराव म्हणाले की फोटो काढून ठेवा, तसंही तुमचं अर्धं काम फोनमध्येच चालतं. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मग ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले, चित्र पालथं घातलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या कोऱ्या पाठीवर कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहायला लागले.

दोन ओळी भराभर लिहिल्या. तिसऱ्या ओळीशी पेन थांबलं. तिथं थांबलं असतं तरी चाललं असतं. देवकाबाईंना लागत होतं तेवढं लिहून झालं होतं, आणि पुढचं जगात बाबारावांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तीही ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली आणि कागद मोहिनीच्या हातात दिला.

मोहिनीनं सासूला वाचून दाखवलं. "लिहून देतो की, देवकाबाई पोहाणे व मोतीलाल यांच्या धुऱ्याची मोजणी मी केली. सुरुवातीचा दगड चुकीचा धरल्यामुळे खुंट देवकाबाई यांच्या वावरात चार हात सरकला. ही चूक मला त्याच दिवशी संध्याकाळी कळली होती."

मोहिनी अडखळली आणि ती शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली.

"त्याच दिवशी?" देवकाबाईंनी विचारलं.

"हो," बाबाराव म्हणाले.

देवकाबाईंनी कागदाची सुरळी करून पदराखाली धरली आणि त्या सुनेला घेऊन घराकडे चालू लागल्या. पंच बोलावले नाहीत, शिव्या घातल्या नाहीत, उपकार झाले असंही म्हणाल्या नाहीत. बाबाराव परतीच्या बसमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर बसले. पुढं चित्रकार गाणी म्हणत होते, बेसूर म्हणत होते. पण त्या दिवशी त्यांच्याबद्दलसुद्धा बाबारावांना काही वाटलं नाही.

मार्चात फेरमोजणी झाली. बाबारावांना बोलावणं होतं, ते गेले. वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना आठ-दहा प्रश्न विचारले आणि त्यांनी आठ-दहा वेळा चुकलो म्हटलं. पहिल्यांदा जिभेला जड गेलं, नंतर नंतर नाही. खुंट उपटला गेला आणि निंबाच्या पलीकडे गाडला गेला. मोतीलालांनी गोठ्याच्या विटा दुसरीकडे रचल्या आणि ते बाबारावांकडे बघून पचकन थुंकले.

उन्हं तापली होती, म्हणून देवकाबाईंनी चहाला घरी बोलावलं. बोलावलं म्हणजे, मोहिनीला सांगून धाडलं. बाबाराव ओसरीत टेकले आणि समोरच्या भिंतीवर त्यांना आपलं चित्र दिसलं. म्हणजे दिसलं नाही. खिळ्याला व्यवस्थित टांगलेलं होतं, वर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकही लावलेलं होतं. पण तोंड भिंतीकडे होतं आणि पाठ ओसरीकडे. मोठ्या वळणदार अक्षरात त्यांची कबुली, खाली सही, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावी अशी. आयुष्यात बक्षीस मिळालेलं एकुलतं एक चित्र, उत्तेजनार्थ का होईना.

चहाचे दोन घोट झाल्यावर बाबारावांना राहवलं नाही. फेरमोजणी तर झाली, आता चित्राची बाजू पुढं केली तर चालेल की, असं ते चाचरत म्हणाले.

देवकाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या बाजूनं काय हाय? निंब," त्या म्हणाल्या. "तो तं वावरातूनबी दिसते."